आधीच पोहोचलो

२८ ऑगस्ट

परदेशी शिकायला जाणाऱ्या माणसाने दैनंदिनी लिहावी, असं माझं मत आहे. पुढेमागे कोणी आठवणी लिहायला सांगितल्या तर साहित्य हाताशी हवं. म्हणून आजच नवी वही काढली. आईने लगेच विचारलं, "एवढी जाड कशाला? बॅगेत वजन." आमच्या घरात दूरदृष्टी फक्त मला आहे.

मी युरोपात जाणार आहे. विषय: माल योग्य जागी, योग्य वेळी कसा पोहोचवायचा. त्याचं उच्च शिक्षण मिळतं हे ऐकून मामाला हसू आवरेना. मामाचं शहराबाहेर शीतगृह आहे. म्हणाला, "अरे, मी वीस वर्षं बटाटे पोहोचवतोय. मला एक शब्द विचारला असतास तर विमानाचं तिकीट वाचलं असतं." मी सोडून दिलं. व्यवहार आणि शास्त्र यांतला फरक सगळ्यांना कळतोच असं नाही.

विमान आधी पंधरा सप्टेंबरचं होतं. पण घरात बैठक बसली. काका म्हणाले, परक्या मुलखात चार दिवस आधी गेलेलं बरं, हवा अंगवळणी पडते. काका एकदा कंपनीच्या सहलीला परदेशी जाऊन आलेत. तेव्हापासून विमान या विषयावर त्यांच्यापुढे कोणी बोलत नाही. मग बाबा म्हणाले, "चार दिवसांनी काय होतंय? चांगला आठवडा-दीड आठवडा आधी जाऊ दे." झालं. विमान तीन तारखेवर आलं.

बाबा कारखान्यात टाइमकीपर होते. उशिरा येणारे कामगार खिडकीशी गयावया करायचे, "साहेब, आजच्या दिवस चालवून घ्या." बाबा मान वर न करता म्हणायचे, "चालत नाही." निवृत्त झाले तरी ते दोन शब्द घरी घेऊन आले. आम्ही लग्नाला जातो तेव्हा हॉलमध्ये केर काढणं चाललेलं असतं. गाडी पकडायची तर तिच्या आधीची गाडी आम्हाला टाटा करून जाते.

१ सप्टेंबर

व्हिसा, म्हणजे पासपोर्टावरचा तो शिक्का, आज सगळ्या नातेवाइकांनी हाताळून पाहिला. काकांनी उजेडात धरून पाहिला. आईने माझा फोटो बघून "किती वाळलास" म्हटलं. बाबांनी चष्मा लावून शेवटची तारीख मोठ्याने वाचली आणि समाधानाने मान डोलावली. दुधाच्या पिशवीपासून विम्यापर्यंत आमच्याकडे प्रत्येक गोष्टीची शेवटची तारीख बघतात. सुरुवातीची तारीख बघायची पद्धत नाही.

सोसायटीच्या फाटकावर माझा फ्लेक्स लागला आहे. "परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन." खाली बाबांचा फोटो माझ्यापेक्षा मोठा, कारण ते अध्यक्ष आहेत. सेक्रेटरींचा त्याहून थोडा लहान. मी कोपऱ्यात आहे, पण आहे.

३ सप्टेंबर

हे मी मामाच्या शीतगृहातल्या ऑफिसात बसून लिहितो आहे. अक्षर वेडंवाकडं येतंय. थंडीने की अपमानाने, ते ठरवता येत नाही.

सकाळी सोसायटीने बस केली होती. बसभर माणसं मला सोडायला. विमानतळाबाहेर बाबांनी भाषण केलं. सेक्रेटरींनी हातातला छोटा कर्णासुद्धा आणला होता. विषय "वेळेचं महत्त्व". सुरक्षारक्षक दोनदा येऊन गेला, पण बाबा थांबले नाहीत. भाषणात मी होतो, "आमचा मुलगा" असा. मग माझा हात हातात घेऊन म्हणाले, "अभिनंदन." फोटो नीट आला नाही म्हणून परत एकदा अभिनंदन. मला वाटत होतं, आता बाजूला घेऊन काहीतरी बोलतील. एकुलता एक मुलगा दोन वर्षांसाठी चाललाय. पण तेवढ्यात काकांना बाबांबरोबर फोटो हवा होता. आई रडत होती, ती निदान माझ्याकडे बघून रडत होती. बस गेली आणि मी आत शिरलो.

खिडकीतल्या बाईंनी पासपोर्ट उघडला, परत मिटला. "तुमचा व्हिसा चौदा तारखेपासून आहे."

"हो, आणि शेवटची तारीख बरीच लांब आहे," मी म्हटलं.

"ती लांबच आहे. पण आज तीन तारीख आहे. तुम्ही आधीच आलात."

आमच्या खानदानाला हे वाक्य आजवर कोणी तक्रार म्हणून ऐकवलं नव्हतं.

घाबरून बाबांना फोन लावला. ते बसमध्ये. मागे गाण्याच्या भेंड्या चालल्या होत्या. मी सगळं सांगितलं. मग बाबा सगळ्या बसला ऐकू जाईल असे म्हणाले, "वा! बसलास विमानात? छान, छान!" आणि फोन बंद. बसमध्ये टाळ्या वाजलेल्या मी स्वतः ऐकल्या. थोड्या वेळाने त्यांचा संदेश आला: "मामाकडे जा. घरी येऊ नकोस. फ्लेक्स लागलाय."

४ सप्टेंबर

धोरण ठरलं. तिकीट पंधरा तारखेवर गेलं आहे. तोवर मी तिकडे पोहोचलेला आहे. हे फक्त आई, बाबा आणि मामा या तिघांना ठाऊक. काकांना नाही, कारण काकांना सांगितलं की सोसायटीला वेगळं सांगावं लागत नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा मजकूर बाबांनी स्वतः लिहून पाठवला: "सुखरूप पोहोचलो. हवा उत्तम. विमान वेळेच्या आधी उतरलं." शेवटचं वाक्य घालायला मी तयार नव्हतो. पण बाबा म्हणाले, "निदान तेवढं तरी राहू दे."

मी मामाच्या ऑफिसवरच्या खोलीत राहतो. खाली पोत्यांच्या थप्प्या, वर एक खाट आणि खिडकी. खिडकीतून टेम्पो दिसतात. माल योग्य वेळेपर्यंत साठवून ठेवणे, हा माझ्या अभ्यासक्रमातला एक धडा आहे. सध्या माल मीच आहे.

६ सप्टेंबर

लोकांना फोटो हवेत. बाबा दुपारी स्कूटरवरून आले, डोक्यात हेल्मेट. बाबा हेल्मेट फक्त चौकात पोलीस दिसला की घालतात. आज ते खोलीत आल्यावरही काढलं नाही. म्हणाले, "वाटेत कोणी ओळखलं तर?"

मला जाकीट घालून शीतगृहात उभं केलं. तोंडातून वाफ येत होती, ती बाबांना फार आवडली. "बोल, काहीतरी बोलत राहा, वाफ दिसू दे!" मी काय बोलणार? दहावीची समीकरणं म्हटली. पहिल्या फोटोत मागे बटाटे आले. दुसऱ्यात मामा आला. तिसरा जमला: पांढरी भिंत, वाफ, आणि मी लांब कुठेतरी बघतोय.

ग्रुपवर वाहवा झाली. काकांनी लिहिलं, "ही इमारत मी ओळखली. इथून उजवीकडे वळलं की मोठा चौक लागतो. तिथे कॉफी छान मिळते." मामाला दाखवलं तर तो पोत्यावर बसून हसला. उजवीकडे वळलं की त्याचा जनरेटर आहे.

९ सप्टेंबर

आई रोज डबा घेऊन येते. शेजारणींना सांगते, भावाची तब्येत बरी नसते. मामा एका हाताने पोतं उचलतो.

आई खोटं बोलायला बिचकेल असं वाटलं होतं. तिने तर संसारच मांडलाय. तिकडे माझी घरमालकीण आहे. विधवा आहे, पण मायाळू आहे. तिला एक मांजर आहे. मांजराला दम्याचा त्रास आहे. आज म्हणाली, "मांजराला आता बरं आहे हं. सगळ्या विचारत होत्या." मी म्हटलं, आई, एवढं कशाला? तर डबा उघडत म्हणाली, "अरे, तू गेलास असं सांगता सांगता मला सवय होतेय. एकदम पंधरा तारखेला कसं जमलं असतं मला?" हे तिचं तर्कशास्त्र काही मला कळलं नाही. डब्यात मात्र सगळं माझ्या आवडीचं होतं.

१२ सप्टेंबर

आज थोडक्यात वाचलो. सोसायटीतल्या सगळ्यांनी आईला गराडा घालून मला व्हिडिओ कॉल लावला. मी धावत खाली शीतगृहात गेलो, पांढऱ्या भिंतीपाशी उभा राहिलो. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात मागून मामाचा माणूस आला, टोपी, मफलर, खांद्यावर पोतं.

"भाऊ, थोडं सरका, ही थप्पी हलवायचीय."

मी म्हटलं, "हा माझा रूममेट."

मग काकांचा आवाज आला, "बघा! आपली भाषा बोलणारा माणूस! मी म्हणत होतो ना, आपली माणसं जगात सगळीकडे आहेत." सेक्रेटरींनी विचारलं, पोतं कसलं? मी म्हटलं, तिकडे विद्यार्थी स्वावलंबी असतात. सगळ्यांना ते फार पटलं. सेक्रेटरी आपल्या मुलाला तिथल्या तिथे बोलले.

फोन बंद झाल्यावर एकटाच पोत्यांमध्ये उभा राहिलो. तिकडे मी इतका छान पोहोचलोय की जायची गरजच नाही, असं वाटलं. आणि मग वाटलं की मला घरी जायचंय. आपलं घर इथून पाऊण तासावर आहे आणि मला तिथे जाता येत नाही. हे वाक्य खोडणार होतो, पण राहू दे.

१४ सप्टेंबर

उद्या कोण सोडायला येणार, यावर चर्चा. आई आली तर रडेल, आणि रडणारी बाई लोकांच्या लक्षात राहते. म्हणून आई नाही. तिने आजच काय ते रडून घेतलं. बाबा म्हणाले, "मला तर निम्मं शहर ओळखतं." निम्मं शहर नाही, कारखान्यातले उशिरा येणारे लोक ओळखतात, पण तेही कमी नाहीत. तेव्हा बाबाही नाहीत.

म्हणजे मामाच्या टेम्पोतून जायचं. मागच्या वेळी बसभर माणसं, या वेळी बटाटे. पण एक गोष्ट इथे लिहून ठेवतो. त्या दिवशी बाबा सगळ्या बसशी बोलले. माझ्याशी बोलायचं राहिलं, आणि आता राहिलंच.

१५ सप्टेंबर, विमानात

टेम्पो विमानतळापाशी थांबला. मामाने बॅग उतरवली, पाठीत धपका घातला आणि म्हणाला, "माल नीट पोहोचव." मागचे टेम्पोवाले हॉर्न वाजवत होते म्हणून तो लगेच गेला.

वळून बघतो तर खांबापाशी एक माणूस डोक्यात हेल्मेट घालून उभा. बाबा! सुरक्षारक्षक वैतागून मला म्हणाला, "तुमचे आहेत का हे? सकाळपासून उभे आहेत. हेल्मेट काढा म्हटलं तर काढत नाहीत."

बाबांनी मला हाताला धरून खांबाच्या मागे नेलं. त्यांनी माझी कॉलर नीट केली. बॅगेचा पट्टा ओढून बघितला. परत कॉलर नीट केली. मग काहीतरी बोलले. हेल्मेटच्या आत नुसती गुणगुण झाली.

"काय?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. हाताने "जा" अशी खूण केली. हेल्मेटची काच आतून पूर्ण धुकट झाली होती. सकाळपासून डोक्यावर ते ओझं, उकडत असणार. मी म्हटलंसुद्धा, "बाबा, काढा ना थोडा वेळ, इथे कोण बघतंय?" त्यांनी दोन्ही हातांनी हेल्मेट घट्ट धरलं. माणसाने अब्रूला किती जपावं!

आत गेल्यावर काचेतून पाहिलं. ते तिथेच होते. रक्षक त्यांना बाजूला सरायला सांगत होता आणि ते सरत नव्हते.

१६ सप्टेंबर, मधल्याच विमानतळावर

बटाट्याने घात केला.

विमान बदलायच्या ठिकाणी सामान तपासतात. तिथला कुत्रा सगळ्या रांगेतून माझ्यापाशी आला आणि माझ्या बॅगेवर पुढचे पाय ठेवून बसला. गणवेशातल्या बाईंनी बॅग उघडली. जाकिटाच्या खिशात एक बटाटा. मोड आलेला. शिवाय बुटांना माती, आणि सगळ्या कपड्यांना शीतगृहाचा वास.

त्यांनी विचारलं, तुम्ही शेतकरी आहात का? मी म्हटलं, नाही, विद्यार्थी. कशाचे? माल योग्य जागी पोहोचवण्याचा. त्यांनी बटाट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांनी बटाटा पिशवीत घालून त्यावर शिक्का मारला. हे सगळं होईतो माझं पुढचं विमान काचेपलीकडून निघून गेलं. ते पाठमोरं विमान बघत मी उभा राहिलो. विमान सुटलेला आमच्या घराण्यातला मी पहिला.

दुसरं विमान उद्या. खुर्च्यांना मधे दांड्या, त्यामुळे आडवं होता येत नाही. पाय सुजलेत. पाण्याची बाटली यंत्रातून काढायला गेलो तर यंत्राने नाणं घेतलं आणि दुसऱ्याच कसल्या तरी वड्या दिल्या. घरी कळवावं म्हटलं, तर काय कळवू? मी तर केव्हाच पोहोचलोय. मांजरसुद्धा बरं झालंय.

१७ सप्टेंबर

पोहोचलो.

रात्रभर बसून कंबर धरली आहे, डोळे चुरचुरतात, बॅगेचं एक चाक वाटेत कुठेतरी पडलं. नोंदणीच्या खिडकीतल्या माणसाने घड्याळ पाहिलं आणि म्हटलं, एक दिवस उशीर झाला, पण करून घेऊ. मला एकदम बाबांची खिडकी आठवली.

खोली लहान आहे. टेबल, पलंग, खिडकीतून दिसणारी समोरच्या इमारतीची मागची भिंत. थंडी अजिबात नाही. घरमालकीण नाही, एक तरुण व्यवस्थापक आहे, त्याला मांजराची ॲलर्जी आहे. फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली काय लिहावं सुचेना. "पोहोचलो" लिहून खोडलं. मग नुसताच टाकला.

१८ सप्टेंबर

ग्रुपवर माझा फोटो कोणाला आवडलेला नाही. एक जण म्हणतो, उजेड नीट नाही. दुसरा म्हणतो, वाफ नाही. काकांनी लिहिलंय, "ही जागा ओळखीची वाटत नाही. तिकडच्या भिंती अशा नसतात. आधीचे फोटो अस्सल होते." त्यावर सेक्रेटरींनी लिहिलंय, "मुलगा आहे ना नक्की तिकडे? की काढून टाकलंय कॉलेजने आणि इथेच कुठेतरी लपलाय?"

बारा दिवस बटाट्यांत उभा होतो तेव्हा सगळ्यांचा माझ्यावर विश्वास होता. आज खरा इथे आहे तर पुरावा मागतायत. मी रागाने फोन पालथा घातला.

२० सप्टेंबर

आईचा फोन. तिने एका दमात सगळं ओतलं.

सकाळी सोसायटीची सभा होती, विषय पाण्याची टाकी. टाकी राहिली बाजूला. काकांनी माझा फोटो सगळ्यांना मोठा करून दाखवला आणि म्हणाले, "हा फोटो खोटा आहे. माझा विमानाचा अनुभव आहे."

"मग?" मी विचारलं.

"मग तुझे बाबा उठले. म्हणाले, हाच खरा आहे. आधीचे सगळे खोटे. मेहुण्याच्या शीतगृहातले. मीच काढले. व्हिसाची सुरुवातीची तारीख मी बघितली नव्हती."

एवढी मेहनत! एवढी वाफ! "आणि काका?"

"काका म्हणाले, मला संशय होताच. पण ते सोड. सेक्रेटरी म्हणाले, म्हणजे आपण बस करून त्याला सोडायला गेलो ते सगळं फुकट? तर तुझे बाबा म्हणाले, तुम्ही सोडलंत तीन तारखेला. मी तेव्हा भाषण करत होतो. मी पंधराला सोडलं. आणि मग ते खाली बसले. सभा तिथेच संपली. टाकीचं काही ठरलं नाही."

मला बाबांचा रागच आला. अध्यक्षपण जाणार, फ्लेक्सची चेष्टा होणार, आणि कशासाठी? एका फोटोसाठी? तसं मी आईला म्हटलं. आई म्हणाली, "घे, त्यांच्याशीच बोल," आणि फोन त्यांच्या हातात दिला.

मागे फाटकाचा आवाज, कोणाची तरी स्कूटर. जे मनात होतं तेच मी विचारलं, "बाबा, त्या दिवशी हेल्मेटच्या आत काय म्हणालात?"

"काही विशेष नाही," बाबा म्हणाले. "पोहोचलास की कळव, म्हटलं."

मी खिडकीबाहेरच्या भिंतीकडे बघत राहिलो. इथे आल्यापासून मी कोणालाच कळवलेलं नव्हतं.

"पोहोचलो, बाबा."

"बरं झालं." घसा साफ केल्याचा आवाज आला. "वेळेवर?"

सांगू शकलो असतो, हो म्हणून. बारा दिवसांत सवयही झाली होती. पण खोटं बोलायचा कंटाळा आला होता.

"नाही," मी म्हटलं. "एक दिवस उशीर झाला."

मी व्याख्यानाची वाट बघत होतो.

"चालतं," बाबा म्हणाले.